हरभट रोडच्या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानाचा माळा रिकामा होतोय. काय वाचवू?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न जरा घाईचा आहे.

सांगलीच्या हरभट रोडवर आमच्या ओळखीतल्या घराचं रेकॉर्ड आणि कॅसेटचं दुकान होतं. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. सांगलीतल्या जुन्या लोकांना कळेलच. काका मागच्या वर्षी गेले. गाळा आता मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं जाणार आहे. त्यांचा मुलगा म्हणाला, "माळ्यावर चढून बघ, तुला पाहिजे ते ने. बाकी सगळं दिवाळीआधी भंगारात."

खालचा माल २०१९च्या पुरातच गेला. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं, त्याची रेघ दुकानाच्या भिंतीवर अजून आहे. माळा मात्र वाचला. वर काय आहे: लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांच्या पेट्या, एलपी-ईपीचं (नंतरच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या-छोट्या रेकॉर्डचं) एक कपाट, कॅसेटची खोकी (मोजली नाहीत, पण भरपूर), एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीची जुनी सूचीपुस्तकं, आणि एक बाइंडिंगची जाड वही. गिऱ्हाईकं कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घ्यायची, त्याच्या याद्या या वहीत आहेत. काकांचं अक्षर बारीक आणि तिरकं. एक नोंद अशी (९०ची म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट): "बुधगाव, पाटील. ९०ची. पहिली बाजू नुसती आशाबाई. लग्नात लावायची आहे, रडकी नकोत." खाली वेगळ्या शाईत: "दोन बदलली, नवरीला आवडत नाहीत."

माझ्या घरात एवढ्या सगळ्याला जागा नाही. काय ठेवू, काय कुणाला देऊ? आणि ज्यांच्या आठवणी असतील त्यांनी जरूर लिहा. अशी दुकानं सांगली-मिरजेत किती होती, हे कुठंच लिहिलेलं सापडत नाही.

मिरजकर
बाकी सगळं नंतर. आधी हे वाचा: ७८च्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, खाचा पुसल्या जातात. साधं गार पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि खाचांच्या दिशेनं गोल हात फिरवायचा. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. आडव्या रचलेल्या असतील तर आजच उभ्या करा, खालच्या तबकडीला तडा जातो.

लेबलावर ओडियन या कंपनीचं नाव दिसलं तर मला लगेच कळवा. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ओडियनच्या. खाँसाहेब आमच्या मिरजेचे झाले. १९३७ मध्ये मद्रासकडे प्रवासात गेले, पण माती मिरजेलाच मिळाली, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. दरवर्षी उरुसात तिथं गाणं होतं. आणि गदगमधल्या एका लहान मुलानं त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीवर ऐकली नसती, तर आपल्याला भीमसेन जोशी मिळाले असते का? तीन मिनिटांची एक बाजू. कुणीतरी, कुठंतरी, रस्त्यावर ऐकू जाईल अशी लावली होती.

हळदी
गणपती पेठेकडून येताना त्या दुकानाबाहेर पाच मिनिटं थांबायचं, हा आमचा नेमच होता. खिशात पैसे नसायचे. काका बघायचे, काही बोलायचे नाहीत, आवाज थोडा वाढवायचे.

विटेकर
आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला कोण केरळात, कोण तमिळनाडूत, कोण बंगालमध्ये. माझं लहानपण कोइमतूरला गेलं. जत्रेला गावी यायचं, रेणावीला रेवणसिद्धाला जायचं, आणि परतीच्या वाटेवर सांगलीत उतरून वडील कॅसेट घ्यायचे. आईची यादी वेगळी, वडिलांची वेगळी. आईला ओव्या आणि भूपाळ्या. वडिलांना वग आणि लावण्या, ते पण अख्खे, तुकडे नकोत.

दुकानदाराला पक्कं ठाऊक असायचं की ही गलाईवाली माणसं आहेत, वर्षातनं एकदा येणार. आधीच एक पिशवी काढून ठेवायचे. "हे नवीन आलंय, हे तुमच्या मंडळींना चालंल, हे नका घेऊ, आवाज फुटलाय." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. विकायला बसलेला माणूस सांगतोय की घेऊ नका.

कोइमतूरच्या गल्लीत संध्याकाळी मराठी ऐकू यायचं ते फक्त आमच्या टेपवर. शेजारपाजारची गलाई मंडळी आमच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. त्यातल्या काही फिती मी आजही सांभाळल्यात, पण वाजवायला यंत्र नाही.

सुनंदा_म
सगळे इतकं गोड लिहिताहेत, म्हणून दुसरी बाजू सांगते. मी १९८०च्या दशकात सांगलीत कॉलेजला होते. त्या दुकानांत मुलींनी जायचं म्हणजे एक दिव्य. काउंटरवर टेकून उभी असलेली मुलं, प्रत्येकाची नजर. मी नाट्यसंगीताची कॅसेट मागितली की मागून कुणीतरी मुद्दाम सिनेमाचं प्रेमगीत लावायला सांगायचं. मी भावाला चिठ्ठी देऊन पाठवायला लागले. मग त्यानं चुकीचं आणलं तर तेच ऐकायचं.

तेव्हा "दुकान सगळ्यांचं होतं" असं कुणी लिहू नका. आमच्यासाठी आकाशवाणी होती. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, आमच्या घरात सकाळी तेच लागायचं. रेडिओ घरात येऊन गायचा, कुणाची परवानगी लागत नव्हती.

एक मात्र खरं. मिरजेला स्टेशन रोडच्या बाजूला एक बाई स्वतः दुकानात बसायच्या, नवऱ्याच्या माघारी दुकान त्यांनीच चालवलं. तिथं आम्ही मैत्रिणी तासभर उभ्या राहायचो. मला किशोरीताई आमोणकर ऐकायला त्यांनी लावलं. मी सिनेमाची गाणी मागायला गेले होते आणि त्या म्हणाल्या, "हे घेऊन जा, आठ दिवस ऐक, नाही आवडलं तर परत आण." परत नेली नाही.

हळदी
@सुनंदाताई, हे कुणीच कधी लिहीत नाही. बरं झालं लिहिलंत.

ओंकार_शंभरफुटी
माझं वय २२, त्यामुळं मला या दुकानांचं काही आठवत नाही. मनापासून विचारतो: हे सगळं यूट्यूबवर आहे की. आशाबाई आहेत, भीमसेन आहेत, बालगंधर्व पण आहेत. मग माळ्यावरच्या धुळीचं एवढं काय?

कवलापूरची_लेक
@ओंकार, बाळा, आमच्या गावाचं नाव काळू-बाळूंच्या तमाशामुळं महाराष्ट्रभर गेलं. तमाशाची तंबूतली रात्र चार-पाच तासांची. त्यातला वग कॅसेटवर यायचा तेव्हा दोन-दोन, तीन-तीन कॅसेटचे संच निघायचे. हे छापायच्या छोट्या कंपन्या. कोण कोल्हापूरची, कोण पुण्याची, कुणाचा पत्ता फक्त एका गाळ्याचा. त्या बंद पडल्या, मूळ फिती कुठं गेल्या देव जाणे. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं सगळं कुणीतरी सांभाळलंय, विकलंय, पुन्हा काढलंय. आमच्या फडांचं कुणी सांभाळलं?

तू एक कर. भेदिक शाहिरीचे सवाल-जवाब शोध. आपल्या जिल्ह्यातल्या फडांचे वग शोध. भजनी मंडळं, धनगरी ओव्या, भीमगीतांचे गावोगावचे गायक, सगळं शोध. आणि काय मिळतंय ते इथं लिही.

ओंकार_शंभरफुटी
शोधलं. प्रल्हाद शिंदे, विठाबाई वगैरे मोठी नावं मिळतात. काही वग मिळाले, पण अर्धे, मध्येच तुटलेले, कुणीतरी टीव्हीसमोर मोबाईल धरून घेतल्यासारखे. धनगरी ओव्या मिळाल्या त्या नवीन बँडबाजाच्या. आमच्या आजोबांच्या तोंडी ज्या शाहिराचं नाव असायचं त्याचं एकही गाणं नाही. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याची कॅसेट होती की आपल्याकडं." कुठं गेली ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

मोतीचौक
साताऱ्याहून. तुमच्यासारखीच दुकानं आमच्या मोती चौकाच्या आसपास होती, पोवई नाक्यावर पण. पण एक बोलायलाच पाहिजे. कोऱ्या कॅसेटवर गाणी "भरून देणं" म्हणजे चोरीच होती. कलाकाराला एक पैसा जात नव्हता. ज्या वहीचं एवढं कौतुक चाललंय ती वही म्हणजे त्या चोरीचा हिशोब आहे. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीज या कॅसेट कंपनीला दुसऱ्यांच्या गाण्यांच्या नकला काढल्या म्हणून सगळे नावं ठेवतात, पण गल्लीतलं प्रत्येक दुकान छोट्या प्रमाणावर तेच करत होतं.

कवलापूरची_लेक
मग कायदेशीर कॅसेटमधून तरी कलाकाराला काय मिळत होतं? माझ्या मामांच्या भजनी मंडळाची कॅसेट निघाली. एकरकमी थोडे पैसे आणि स्वतःसाठी पंचवीस कॅसेट. पुढं ती कॅसेट तीनचार वर्षं जत्रांत विकली गेली, मंडळाला त्यातलं काहीही आलं नाही. लेबलावर नाव पण चुकीचं छापलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण आमच्या भागात सगळ्यांचा हाच अनुभव.

मोतीचौक
तेही बरोबर. पण एका अन्यायानं दुसरा पुसला जात नाही.

जुना_दुकानदार
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोच. मी या धंद्यात होतो, सांगलीतच. धंदा कसा चालला आणि कसा गेला ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण "लोकांना आता गाणं नको" असं म्हणणारे भेटतात आणि ते खरं नाही.

वडिलांच्या वेळी रेकॉर्ड होत्या. एचएमव्हीची एजन्सी असणं म्हणजे प्रतिष्ठा. पण रेकॉर्ड घरासाठी घेणारे फार थोडे, डॉक्टर, वकील, बागायतदार. आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे लाऊडस्पीकरवाला. लग्न, बारसं, जत्रा, तासगावचा रथोत्सव, सगळीकडं त्याच्या पेट्या जायच्या. त्याला नवीन गाणं पहिल्यांदा पाहिजे असायचं, कारण ज्याच्याकडं नवीन रेकॉर्ड त्याला सुपारी. रेकॉर्ड झिजली की दुसरी घ्यायचा. एकेक गाणं तो तीन-तीनदा विकत घ्यायचा म्हणा ना.

मग टेपरेकॉर्डर आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) घरोघर दिसायला लागले, आणि १९८३ नंतर टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटनी बाजार उलटापालटा केला. तोपर्यंत कॅसेट आमच्यासारख्या दुकानात मिळायची. त्यांनी ती किराणा दुकानात, पानपट्टीत, एसटी स्टँडवर नेऊन ठेवली. जुनी गाणी दुसऱ्याच गायकाच्या आवाजात, निम्म्या किमतीत. आम्हाला वाटलं आपण संपलो. उलटं झालं. टेप घेणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की आम्हालाही काम पुरं पडंना. गणपतीच्या आधी आरत्यांच्या कॅसेटसाठी दुकानाबाहेर रांग असायची. छोट्या कंपन्या उगवल्या त्या याच काळात. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता, एक खोली, माईक, आणि भरून घ्यायची मशीन. म्हणून तर कवलापूरच्या ताई म्हणतात ते वग आणि भजनं बाजारात आली. मोठ्या कंपन्यांनी ती कधीच काढली नसती.

@मोतीचौक, भरून देण्याबद्दल. होय, द्यायचो. कायद्यानं ते चूक होतं हे आम्हालाही ठाऊक होतं, अधूनमधून छापेही पडायचे. पण एक सांगतो: निम्मी गाणी बाजारात मिळतच नव्हती. कंपनी जुनी रेकॉर्ड पुन्हा काढत नव्हती, आणि गिऱ्हाईकाला आईच्या आवडीचं एक गाणं पाहिजे असायचं. आम्ही आमच्याच फाटक्या रेकॉर्डवरनं भरून द्यायचो.

मोडलो ते पुढं. आधी सीडी आली, तीत गुंतवणूक मोठी. मोठ्या कंपनीचा माल घ्यायचा तर एक चालणारं आणि चार न चालणारी असा गठ्ठा गळ्यात यायचा, परत घेणं नाही. मग एमपीथ्रीच्या सीडी आल्या, शंभर-दीडशे गाणी एका तबकडीवर, हातगाडीवर. आमची एक सीडी आणि त्यांची एक, किंमत तर त्यांची कमीच, गाणी दहापट. २००५ च्या पुरात गोडाऊन गेलं. विमा नव्हता. त्यानंतर मी स्वतः दुकानात संगणक ठेवून मेमरी कार्डात गाणी भरून दिली. पोरं यायची, कार्ड टाकायची, "काका, काय बी भरा, डीजेचं भरा." कोण गातंय हे विचारणं तिथं संपलं. मला त्याचं जास्त लागलं, पैशांपेक्षा. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि कार्ड भरणंही बंद. आज त्या गाळ्यात भाचा पाण्याचे फिल्टर विकतो, बरं चाललंय त्याचं.

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं. पेपरात किती लिहून आलं, मोठमोठ्या लोकांनी आठवणी सांगितल्या, आणि ते योग्यच होतं. पण हरभट रोड, मारुती रोड, मिरज स्टेशन, तासगाव, विटा, जत, इथली दुकानं एकेक करून मिटली तेव्हा चार ओळीसुद्धा कुणी लिहिल्या नाहीत. म्हणून हा धागा बघून बरं वाटलं.

विटेकर
काका, दंडवत. आमच्या वडिलांची पिशवी कदाचित तुमच्याच दुकानातनं भरली गेली असेल.

मिरजकर
"कोण गातंय हे विचारणं तिथं संपलं." मुद्दा नेमका हाच आहे. दुकानदाराला विचारल्याशिवाय गाणं मिळत नव्हतं, म्हणून नाव माहीत असावं लागायचं. गायकाचं, रागाचं, निदान सिनेमाचं. आमच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर काम करता करता रेकॉर्ड ऐकायचे आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, कानानं लावायचे. तिथला एक पोरगा आज जवारी लावतो तेव्हा फोनवर गाणं चालू असतं, पण कोणाचं विचारलं तर सांगता येत नाही. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. त्याला सांगणारं कुणी नाही.

संग्राहक_पुणे
कृष्णाकाठ, व्यवहाराचं बोलू. एलपी मला द्या, बाजारभावानं घेईन. नव्यानं रेकॉर्ड ऐकणाऱ्यांची संख्या वाढली आहे. अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढं गेली, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदा. आपल्याकडेही जुन्या हिंदी सिनेमांच्या, नाट्यसंगीताच्या एलपींना चांगली मागणी आहे. कॅसेटला मात्र कुणी विचारत नाही. त्या भंगारात गेल्या तरी चालतील.

कवलापूरची_लेक
नाही चालणार.

डेक_दुरुस्ती
कवलापूरच्या ताईंशी पूर्ण सहमत, आणि कारण सांगतो. मी विश्रामबागला टेप, अँप्लिफायर दुरुस्त करतो, वडिलांपासून हाच धंदा. लाखेची तबकडी फुटली नाही तर शंभर वर्षं टिकते. एलपी पण टिकते. कॅसेटची फीत टिकत नाही. पुराच्या ओलीत राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते, थर सुटतो. आधी फीत वाचवायला पाहिजे, तबकडी थांबू शकते.

कसं करायचं ते लिहितो. खोकं उघडल्या उघडल्या एकही कॅसेट टेपमध्ये घालू नका. बुरशी दिसली की ती वेगळी काढा, एका खराब कॅसेटनं डेकचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पुढच्या सगळ्या कॅसेट खराब होतात. आतली फेल्टची गादी पडलेली असते, दुसऱ्या फालतू कॅसेटची काढून बसवता येते. ज्या कॅसेटचं कवच स्क्रूचं नाही, चिकटवलेलं आहे, त्यातली फीत काढून स्क्रूच्या कवचात घालावी लागते. हात स्थिर पाहिजे. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढं, मग पूर्ण मागं, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड आणि रबरी रोलर साफ. मग प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन स्क्रूनं फिरवून जुळवायचा. छोट्या कंपन्यांच्या मशीनचा कोन वाकडा असायचा, तो जुळवला की गढूळ वाटणारा आवाज एकदम उघडतो. संगणकावर भरून घ्यायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर चालतं, फुकट आहे. फाइल वेव्हमध्ये (आवाज न दाबता) ठेवा, एमपीथ्री नंतर करता येते. साठची कॅसेट भरायला एक तास लागतोच, त्याला पळवाट नाही.

माझ्याकडं दोन चांगले डेक चालू स्थितीत आहेत. रविवारी दुकान बंद असतं. या.

ॲडव्होकेट_गावभाग
कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. त्यामुळं बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला आहे. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात, ते प्रत्येकाचं पाहावं लागतं. १९८०-९० च्या दशकातल्या कॅसेट अजून हक्कात आहेत, कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाही. म्हणून जतन करा, पण नेटवर चढवायची घाई करू नका. आधी कलाकार किंवा त्यांची मुलं शोधा. आपल्या भागात ते अवघड नाही, गाव आणि आडनाव कळलं की दोन फोनमध्ये माणूस सापडतो.

संस्थांपैकी: मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, ७८च्या तबकड्यांबाबत जाणकार माणसं तिथं भेटतील. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा १९८२ मध्ये सुरू झालेला संगीताचा संग्रह आहे, लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी तिथं विचारता येईल.

मोतीचौक
एक सुचवतो. ती वही स्कॅन करा. मी तिला चोरीचा हिशोब म्हणालो, त्यावर ठाम आहे. पण १९८०-९० च्या दशकात सांगलीच्या आसपासच्या गावांत कुठल्या घरात काय ऐकलं जात होतं, याची दुसरी कुठलीही नोंद नाही. गावाचं नाव, प्रसंग, गाण्यांचा क्रम, सगळं एका जागी. फक्त नावं झाकून टाका, माणसं हयात असतील.

सुनंदा_म
त्यात बायकांच्या किती याद्या आहेत तेही बघा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. दोन दिवस माळ्यावरच होतो, आता सांगतो काय ठरलं.

@मिरजकर, ओडियनची एक तबकडी सापडली, कडेला टवका उडालाय, पण खाचा शाबूत दिसतात. तुम्ही येऊन बघा, तुम्हीच न्या. एकूण ७८मध्ये नाट्यसंगीत बरंच आहे. नागठाण्याचे नारायणराव आपल्याच जिल्ह्याचे, त्यामुळं काकांकडं बालगंधर्वांच्या तबकड्या असणारच. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या मुंबईच्या संस्थेला यादी पाठवतोय, लेबलावरचा नंबर आणि मधल्या मोकळ्या वर्तुळात कोरलेला नंबर दोन्ही टिपून.

@संग्राहक_पुणे, सिनेमाच्या एलपी तुम्ही घ्या. पैसे काकांच्या मुलाला द्यायचे. त्याला मी सांगितलंय की त्यातले काही पैसे कोऱ्या कवचांना आणि हार्ड डिस्कला लागतील, तो हो म्हणाला.

@सुनंदाताई, वहीत बायकांची नावं थोडी आहेत, पण "बहिणीसाठी", "आईसाठी", "घरात सांगितलंय" अशा नोंदी पानोपानी आहेत. एका पानावर तर फक्त एवढंच: "स्वतः आल्या होत्या. कुमार गंधर्व, निर्गुणी भजनं. घाई नाही म्हणाल्या." खाली नाव नाही.

कॅसेटबाबत: कवलापूरच्या ताई आणि डेकवाले दादा म्हणतात तसं, आधी वग, शाहिरी, भजनी मंडळं, भीमगीतं, ओव्या. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेट शेवटी. वर्गवारी करताना लक्षात आलं, छोट्या कंपन्यांच्या कॅसेटवर सालच छापलेलं नाही. इनले कार्डवर (डबीतल्या छापील कागदावर) कलाकारांचे फोटो आहेत, पण ढोलकी कुणाची, सोंगाड्या कोण, काही नाही. इथं वय झालेली माणसं आहेत तोवर हे विचारून घ्यायला पाहिजे.

कवलापूरची_लेक
मी फोटो बघून सांगते. मला नाही कळलं तर आमच्या गावात सांगणारे आहेत. मामांना घेऊन येते, त्यांना आवाजावरनं माणूस ओळखू येतो.

ओंकार_शंभरफुटी
रविवारी मी पण येतो. टायपिंग माझं फास्ट आहे, यादी मी करतो. आणि आजोबांना पण आणू का? ते म्हणतात शाहिराची कॅसेट हिरव्या कव्हरची होती, फेटा बांधलेला फोटो.

डेक_दुरुस्ती
आणा की. सकाळी दहाला या. हिरव्या कव्हरच्या सगळ्या आधी काढून ठेवा. आणि कृष्णाकाठ, खोकी टेम्पोत घालताना वर ताडपत्री टाका, पाऊस अजून गेलेला नाही.